बंगळूरचा किल्ला, पुण्याचा तह

२१ मार्च १७९१ च्या रात्री इंग्रजांनी बंगळूरचा किल्ला घेतला. पण त्या किल्ल्याचे भवितव्य सुमारे दहा महिने आधीच ठरले होते आणि तेही पुण्यात! पॅरिस, लंडन, श्रीरंगपट्टण आणि शनिवारवाडा यांना एका सूत्रात गुंफणाऱ्या राजकारणाची ही कहाणी.

हल्ली महाराष्ट्रातल्या अनेक घरांतले कुणी ना कुणी बंगळूरला नोकरीला असते. मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आईवडील लालबाग पाहतात, विधानसौधासमोर फोटो काढतात आणि सवड मिळाली तर म्हैसूरला एक फेरी मारून येतात. पण शहराच्या जुन्या भागात, कृष्णराजेंद्र मार्केटच्या गजबजाटाला लागून असलेल्या एका दगडी दरवाजापाशी मात्र फार थोडे जण थांबतात. फुलांच्या आणि भाजीच्या गाड्या, बसगाड्यांचे भोंगे आणि समोरच्या रुग्णालयाकडे धावणारी माणसे यांच्या गर्दीत तो दरवाजा पटकन डोळ्यांत भरत नाही. बंगळूरच्या किल्ल्याचा हा दिल्ली दरवाजा. एकेकाळी बराच मोठा पसारा असलेल्या किल्ल्याचा एवढाच भाग आता धडपणे उभा आहे.

तटाच्या भिंतीत एक संगमरवरी फलक बसवलेला आहे. याच खिंडारातून २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी हल्ला चढवला, एवढीच माहिती त्यावर इंग्रजीत कोरलेली आहे. वाचणारा ती वाचतो आणि पुढे जातो. इंग्रज इथवर कसे आले, त्यांना कुणी साथ दिली आणि किल्ल्याचा धनी असलेल्या टिपू सुलतानाचे मित्र त्या रात्री कुठे होते, याबद्दल फलक काही सांगत नाही. ती गोष्ट समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते.

शहाजीराजांचे बंगळूर

मराठी माणसाचे आणि बंगळूरचे नाते आजचे नाही. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्यानंतर व्यंकोजीराजांनी इथला कारभार पाहिला. मल्लेश्वरममधील काडू मल्लेश्वराच्या देवळाला त्यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आजही आहे. पुढे १६८७ मध्ये तीन लाख रुपयांचा व्यवहार होऊन बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. १७६१ मध्ये म्हैसूरची सत्ता हैदरअलीच्या हाती आली. त्याने इथला मातीचा किल्ला दगडी केला आणि बंगळूर हे म्हैसूर राज्याचे पूर्वेकडचे महाद्वार बनले. मद्रासहून श्रीरंगपट्टणावर चालून जाणाऱ्या फौजेला हे दार उघडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

दोन टोपीकरांचे भांडण

मराठी कागदपत्रांत युरोपियनांना 'टोपीकर' म्हणत. या टोपीकरांत अठराव्या शतकात हाडवैर होते ते इंग्रज आणि फ्रेंचांचे. कॅनडातील जंगलांपासून कोरोमंडलच्या किनाऱ्यापर्यंत जिथे जिथे दोघांच्या वखारी होत्या तिथे तिथे ते लढत. युरोपात ठिणगी पडली की तिची आग सहा-आठ महिन्यांत मद्रास आणि पाँडिचेरीला पोचे. जानेवारी १७६१ मध्ये मराठे पानिपतावर हरले. त्याच महिन्यात इंग्रजांनी फ्रेंचांचे पाँडिचेरी घेतले. पाँडिचेरी तहाने परत मिळाले खरे, पण फ्रेंचांचे दक्षिणेतले वजन गेले ते गेलेच.

तरीही फ्रेंच संपले नव्हते. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड केले तेव्हा फ्रान्सने त्यांना पैसा, फौज आणि आरमार दिले. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे एका इंग्रज सेनापतीला अमेरिकन आणि फ्रेंच फौजांनी जमिनीवरून आणि फ्रेंच आरमाराने समुद्रावरून कोंडले. त्याला शरण जावे लागले आणि इंग्लंडने अमेरिका गमावली. त्या सेनापतीचे नाव होते लॉर्ड कॉर्नवॉलिस. पाच वर्षांनी, सप्टेंबर १७८६ मध्ये, हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास उतरला. फ्रेंचांची मदत वेळेवर पोचली तर काय घडते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

या भांडणात हिंदुस्थानातल्या दरबारांनाही आपापले हिशेब होते आणि प्रत्येकाला एकेकदा दगा झालेला होता. १७६९ च्या तहात इंग्रजांनी हैदरला मदतीचे वचन दिले, पण मराठे त्याच्यावर चालून गेले तेव्हा ते पाळले नाही. १७८० मध्ये नाना फडणीसांनी हैदर आणि निजाम यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. ही फार मोठी मसलत होती. पण १७८२ मध्ये मराठ्यांनी सालबाईचा तह करून वेगळी चूल मांडली आणि हैदर एकटा पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. त्याचा मुलगा टिपू फ्रेंचांच्या भरवशावर लढत राहिला, तर १७८३ मध्ये युरोपात तह झाल्याची बातमी येताच फ्रेंचांनी तलवार म्यान केली. टिपूने इंग्रजांना मंगळूरच्या तहावर (१७८४) सही करायला लावली ती स्वतःच्या हिमतीवर. पण 'फ्रेंच पुन्हा येतील' ही आशा त्याने सोडली नाही.

व्हर्सायच्या दरबारात म्हैसूरचे वकील

जुलै १७८७ मध्ये टिपूचे तीन वकील पाँडिचेरीहून गलबतात बसले. महंमद दरवेशखान, अकबरअलीखान आणि महंमद उस्मानखान अशी त्यांची नावे. जवळजवळ अकरा महिन्यांच्या प्रवासानंतर, जून १७८८ मध्ये, ते फ्रान्सच्या तुलाँ बंदरात उतरले. तिथून पॅरिसपर्यंत त्यांना पाहायला रस्तोरस्ती गर्दी लोटली. त्यांच्या पागोट्यांची आणि मलमलीच्या अंगरख्यांची पॅरिसमध्ये चर्चा झाली. एलिझाबेथ विजे ल ब्रं या नामवंत चित्रकर्तीने दरवेशखानाचे भव्य चित्र रंगवले. १० ऑगस्ट १७८८ रोजी सोळाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यात थाटामाटाने त्यांची भेट घेतली.

टिपूला हवे होते ते दोन गोष्टींचे आश्वासन. एक, इंग्रजांविरुद्ध कायमचा तह आणि फौज. दुसरे म्हणजे कारागीर. बंदुका आणि तोफा करणारे, घड्याळजी, काचकाम आणि चिनी मातीची भांडी करणारे लोक त्याला म्हैसुरात आणायचे होते. कारागीर मिळाले. सेव्हरच्या कारखान्यातली चिनी मातीची सुंदर भांडी नजराणा म्हणून मिळाली. फौज मात्र मिळाली नाही. राजाची तिजोरी रिकामी होती आणि अमेरिकेच्या युद्धाने ती रिकामी होण्यास मोठाच हातभार लावला होता. वकील मे १७८९ मध्ये परतले. दोन महिन्यांनी, १४ जुलैला, पॅरिसच्या जमावाने बास्तीयचा तुरुंग फोडला आणि फ्रान्सला हिंदुस्थानकडे पाहायला फुरसतच उरली नाही. पाँडिचेरीतली फौजही फ्रेंचांनी मॉरिशसला हलवली. टिपूचा मोठा मित्र असा लढाईआधीच पटावरून उठून गेला.

त्रावणकोरची ठिणगी

इकडे कॉर्नवॉलिस सावधपणे पावले टाकत होता. हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याचे उद्योग कंपनीने करू नयेत, असा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटने १७८४ मध्ये केला होता. त्यामुळे उघडपणे युद्ध पुकारता येत नव्हते. मग ७ जुलै १७८९ रोजी त्याने निजामाला एक पत्र लिहिले. निजामाला इंग्रजी पलटणी वापरता येतील, मात्र त्या कंपनीच्या मित्रांविरुद्ध वापरायच्या नाहीत, असे सांगून त्याने मित्रांची यादी दिली. त्या यादीत टिपूचे नाव नव्हते! गाळलेल्या एका नावाचा अर्थ हैदराबादला कळला, पुण्याला कळला आणि श्रीरंगपट्टणालाही कळला.

ठिणगी पडली ती केरळात. कोडुंगल्लूर आणि आयकोट्टा हे दोन किल्ले डचांकडे होते. टिपूला ते हवे होते. डचांनी ते १७८९ मध्ये त्रावणकोरच्या राजाला विकून टाकले. हे किल्ले आपल्या मांडलिक कोचीनच्या जमिनीवर आहेत, ते विकण्याचा डचांना हक्क नाही, असे टिपूचे म्हणणे. त्रावणकोर हे इंग्रजांचे दोस्त राज्य. डिसेंबर १७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला आणि कॉर्नवॉलिसला हवे होते ते निमित्त मिळाले.

नानांची मसलत

आता सगळ्यांच्या नजरा पुण्याकडे वळल्या. मराठे कोणत्या बाजूला जातात, यावर पारडे झुकणार होते. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट ठाण मांडून बसला होता. टिपूचे वकीलही पुण्यातच होते. आणि या दोघांना खेळवत होते ते नाना फडणीस. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून त्यांची ख्याती. तलवार चालवता येत नसे म्हणून अर्धे, एरवी बुद्धीने कुणाला हार जाणारे नव्हेत.

टिपूविषयी नानांच्या मनात कडवटपणा होता आणि त्याला कारणे होती. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले. नरगुंदकर भावे हे पेशव्यांच्या आश्रयाने राहणारे संस्थानिक, त्यांची दुर्दशा पुण्याला झोंबली होती. त्यापाठोपाठ १७८६-८७ मध्ये मराठे आणि निजाम टिपूशी लढले. तेव्हा इंग्रजांनी तीन पलटणींची मदत देऊ केली होती, पण कॉर्नवॉलिसने येताच ती नाकारली. अखेर गजेंद्रगडला तह झाला. नरगुंद, कित्तूर, बदामी परत मिळाले, तरी तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आणि खंडणीची बाकी हा काटा सलत राहिला.

शिवाय नानांपुढे एक साधा व्यवहारी प्रश्न होता. आपण बाहेर राहिलो आणि इंग्रज व निजाम दोघेच टिपूवर चालून गेले तर? जिंकलेला सगळा मुलूख त्या दोघांचा होईल आणि इंग्रज कृष्णेच्या काठी येऊन बसतील. आत शिरलो तर निदान तिसरा हिस्सा मिळेल आणि युद्ध कुठे थांबवायचे हे सांगण्याचा हक्कही राहील. उत्तरेत असलेल्या महादजी शिंद्यांना टिपूचा पुरता नाश होणे पसंत नव्हते. इंग्रजांना वेसण घालणारी एक तरी सत्ता दक्षिणेत असली पाहिजे, असे त्यांचे मत होते. पण नाना आणि महादजी यांचे सूत जुळलेले नव्हते, हे काय सांगायला हवे?

१ जून १७९० रोजी पुण्यात मराठे आणि इंग्रज यांचा तह झाला. ४ जुलैला निजाम त्यात आला. जिंकलेल्या मुलखाची तिघांत सारखी वाटणी करायची आणि कुणी एकट्याने टिपूशी समेट करायचा नाही, ही त्यातली महत्त्वाची कलमे. एकमेकांचे पूर्वीचे अनुभव लक्षात घेता दुसरे कलम किती जरुरीचे होते, हे उघड आहे. सोळा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट तहाचा कागद सादर करीत असल्याचे चित्र पुढे थॉमस डॅनियलने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून रंगवले. तह झाल्यावरही टिपूच्या वकिलांना निरोप देण्याची नानांनी घाई केली नाही. एक दार लावले, तरी त्याला कडी घातली नव्हती.

किल्ला पडला

पहिल्या वर्षी इंग्रजांची मोहीम फसली. तेव्हा कॉर्नवॉलिस स्वतः मद्रासला आला आणि फेब्रुवारी १७९१ मध्ये निघाला. टिपू एका घाटात वाट पाहत असता तो दुसऱ्याच घाटाने पठारावर चढला. कोलार, होसकोटे मागे टाकून ५ मार्चला इंग्रज फौज बंगळूरसमोर उभी राहिली. दोन दिवसांनी तिने पेठ घेतली. विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या त्या भरल्या पेठेत गल्लोगल्ली हातघाईची लढाई झाली. मग तोफांनी तटाला खिंडार पाडले. २१ मार्चच्या चांदण्या रात्री हल्ला झाला. वृद्ध किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. म्हैसूरचे हजाराहून अधिक लोक त्या रात्री कामी आले. टिपूची मुख्य फौज काही मैलांवर होती, पण ती वेळेवर पोचली नाही.

या वेळी मराठे कुठे होते? परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. सप्टेंबरपासून चाललेला तो वेढा एप्रिलच्या सुरुवातीला संपला. हरिपंत फडके दुसरी फौज घेऊन येत होते. बंगळूरच्या खिंडारात मराठे नव्हते. पण टिपूची काही ताकद उत्तरेकडे गुंतून पडली होती ती त्यांच्यामुळेच.

छावणीतला बाजार

मराठ्यांची खरी गरज इंग्रजांना दोन महिन्यांनी कळली. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी पोचला, १५ मे रोजी त्याने लढाईही जिंकली. पण टिपूने वाटेतले गवत आणि धान्य आधीच नष्ट केले होते. पाऊस सुरू झाला. ओझ्याचे बैल हजारोंनी मेले, छावणीत रोग पसरला, शिपायांना पोटभर खायला मिळेना. नाइलाजाने कॉर्नवॉलिसने आपल्या अवजड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि तो बंगळूरकडे मागे फिरला.

२६ मेच्या सुमारास मेलकोटेजवळ बाजूने घोडेस्वार येताना दिसले. टिपूचेच स्वार आले, असे समजून इंग्रजांनी बंदुका सरसावल्या. ते निघाले मराठे! हरिपंत आणि परशुरामभाऊ इतके जवळ आल्याचा कॉर्नवॉलिसला पत्ताच नव्हता. टिपूच्या हेरांनी वाटेतली सारी पत्रे पकडली होती. मराठ्यांच्या छावणीबरोबर वंजाऱ्यांचे तांडे आणि भलामोठा बाजार होता. धान्यापासून शालींपर्यंत, सराफाच्या दुकानापासून विलायती चाकूंपर्यंत तिथे काय मिळत नव्हते! भाव मात्र चढे होते. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या विल्क्स या इंग्रजाने या बाजाराचे वर्णन मोठ्या चवीने केले आहे. भुकेलेल्या इंग्रज फौजेने दुप्पट-तिप्पट दाम मोजून पोट भरले आणि ती बंगळूरला सुखरूप पोचली. यॉर्कटाऊनला फ्रेंच आरमाराने कॉर्नवॉलिसची वाट अडवली होती. मेलकोटेला मराठ्यांच्या बाजाराने ती मोकळी केली.

याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, ही गोष्टही लपवण्यात अर्थ नाही. मठाच्या पुनर्स्थापनेसाठी टिपूने शंकराचार्यांना लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये उजेडात आली. टिपू कसा होता यावर आजही वाद झडतात. तो वाद बाजूला ठेवला तरी, युद्धात सामान्य रयतेची आणि देवाधर्माच्या जागांची काय दशा होते, हे त्या पत्रांवरून समजते.

वाटणी आणि हिशेब

बंगळूर हा तळ करून इंग्रजांनी नंदीदुर्ग आणि सावनदुर्ग हे अवघड किल्ले घेतले. फेब्रुवारी १७९२ मध्ये तिन्ही फौजा श्रीरंगपट्टणाला भिडल्या. टिपूला अर्धे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागले. पैसा फिटेपर्यंत त्याची दोन लहान मुले इंग्रजांकडे ओलीस राहिली. ती १७९४ मध्ये बापाकडे परत आली, देवनहळ्ळीला. टिपूचे जन्मगाव असलेल्या या देवनहळ्ळीजवळच आज बंगळूरचा विमानतळ आहे.

मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला. इंग्रजांनी मलबार, कूर्ग, दिंडीगल आणि बारामहाल घेतले. वाटणी समसमान होती खरी. पण इंग्रजांनी निवडले ते समुद्रकिनारे आणि घाट, म्हणजे म्हैसूरच्या घराच्या किल्ल्याच. टिपू मात्र गादीवर राहिला. त्याला समूळ उखडावे असे मराठ्यांना वाटत नव्हते आणि कॉर्नवॉलिसलाही ते सोयीचे नव्हते. बंगळूरही टिपूला परत मिळाले. तेवढ्यापुरती नानांची मसलत यशस्वी झाली होती.

नानांचे चुकले का?

हा प्रश्न मराठी इतिहासकारांनी वेळोवेळी विचारला आहे. १७९० साली पुण्यात बसून पाहिले तर नानांचा हिशेब चूक म्हणता येत नाही. टिपू हा शेजारचा शत्रू, इंग्रज दूरचा. पण नानांची जमाखर्चाची वही एका माणसाच्या डोक्यात होती आणि कंपनीची कचेरीत. कॉर्नवॉलिस गेला, दुसरा आला, दुसरा गेला, तिसरा आला, तरी वही तीच राहिली. पुण्यात १७९४ मध्ये महादजी आणि हरिपंत वारले, १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घरातल्या घरात फाटाफूट झाली.

१७९८ मध्ये टिपूने पुन्हा फ्रेंचांकडे हात पसरला. मॉरिशसहून जेमतेम शंभर माणसे आली आणि त्याहून घातक म्हणजे तिथल्या गव्हर्नरने ती गोष्ट जाहीरनामा काढून जगाला सांगितली. त्याच वर्षी नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला युद्धाचे निमित्त मिळाले. नेपोलियनने कैरोहून टिपूला लिहिलेले पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. या वेळी मराठे बाजूला राहिले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. १८०२ च्या शेवटच्या दिवशी बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. पुढच्याच वर्षी वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर मराठ्यांवर चालून आला तो म्हैसूरच्या मुलखातून. ज्या पठाराचे दार कॉर्नवॉलिसने बंगळूरला उघडले, त्याच पठारावरून ही फौज उत्तरेला निघाली. १८०९ मध्ये बंगळूरला इंग्रजांची कायमची छावणी झाली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी मराठ्यांनी संगमावरचा रेसिडेंटचा बंगला जाळला. पण तोवर फार उशीर झाला होता. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

पुढच्या वेळी बंगळूरला गेलात तर मार्केटजवळच्या त्या दरवाजापाशी जरूर थांबा. आत छोटेसे गणपतीचे देऊळ आहे, दगडात कोरलेली कमळे आणि पोपट आहेत. मुलांना, नातवंडांना तो फलक दाखवा. त्यावर तारीख आहे, हल्ल्याचा उल्लेख आहे. पुण्याचे नाव मात्र नाही, ते आपल्यालाच सांगावे लागेल.